कुत्र्याचे जंत : गैरसमज आणि वस्तुस्थिती

कुत्र्यापासून होणाऱ्या आजारांचा विषय निघाला की बोलणं रेबीजवर येतं आणि तिथेच थांबतं. कुत्र्याच्या पोटातल्या जंतांबद्दल मात्र ऐकीव माहितीच जास्त. त्यामुळे काही जण उगाच धास्तावतात, तर काही अगदीच निर्धास्त राहतात. खरं तर या जंतांची वाट अडवणं बरंचसं आपल्याच हातात आहे.

गैरसमज : कुत्र्याचा केस पोटात गेला की गाठ होते.
वस्तुस्थिती : केसाने गाठ होत नाही, ती होते इकायनोकॉकस या पट्टकृमीच्या अंड्यांमुळे. जेमतेम काही मिलिमीटर लांबीचा हा कृमी कुत्र्याच्या आतड्यात राहतो आणि कुत्र्याला सहसा काहीच त्रास देत नाही. अंडी विष्ठेतून बाहेर पडतात, कधी केसांनाही चिकटतात आणि न धुतलेल्या हातांतून किंवा पालेभाजीतून आपल्या पोटात जातात. मग बहुधा यकृतात, कधी फुप्फुसात, पाण्याने भरलेली हायडॅटिड गाठ वाढू लागते. कित्येक वर्षं तिचा पत्ताही लागत नाही. ती आत फुटली तर मात्र जिवावर बेतू शकतं.

कुत्र्याला हा कृमी मिळतो शेळ्यामेंढ्यांकडून. कंदुरीला बोकड कापला, काळजावर पाण्याची गाठ दिसली, तेवढा भाग कापून कुत्र्यापुढे टाकला, की चक्र पुरं झालं. असा भाग जाळावा, नाहीतर कुत्रा उकरणार नाही इतका खोल पुरावा.

गैरसमज : पिल्लू कधी मातीत गेलंच नाही, त्याला जंत कुठून होणार?
वस्तुस्थिती : टोक्सोकारा या गोल जंताच्या अळ्या कुत्रीच्या शरीरात सुप्त राहतात, गाभणपणी जाग्या होतात आणि गर्भातच पिल्लात शिरतात. पुढे दुधातूनही जातात. म्हणून पिल्लू दोन आठवड्यांचं झालं की जंताच्या औषधाचा पहिला डोस देतात.

गैरसमज : विष्ठा वाळली की धोका टळला.
वस्तुस्थिती : टोक्सोकाराच्या बाबतीत नेमकं उलट आहे. त्याच्या ताज्या अंड्यांनी लागण होत नाही. अंड्यात अळी तयार व्हायला मातीत साधारण दोन-तीन आठवडे जातात. विष्ठा दिसेनाशी होते, पण अंडी कित्येक महिने, कधी वर्षानुवर्षं तग धरतात. फिनेलनेही ती मरत नाहीत. त्याच मातीत खेळून मूल तोंडात बोटं घालतं. माणसात या अळ्यांचा पूर्ण वाढलेला जंत होत नाही. त्या यकृतात, फुप्फुसात भटकतात आणि डोळ्यात शिरल्या तर दृष्टी जाऊ शकते. म्हणून विष्ठा रोजच्या रोज उचलावी. इकायनोकॉकसची अंडी तर बाहेर पडताच लागण करू शकतात, तेव्हा हात धुणं चुकवू नये.

गैरसमज : जंत तोंडावाटेच शिरतात.
वस्तुस्थिती : कुत्र्याच्या हुकवर्मच्या अळ्या ओल्या मातीतून, वाळूतून थेट कातडीत घुसतात. पायावर खाजरी, लाल, नागमोडी रेघ उमटते आणि रोज थोडी पुढे सरकते. वाळूत अनवाणी चालल्यावर अशी रेघ दिसली तर डॉक्टरांना दाखवावी.

गैरसमज : लसी झाल्या, जंताची गोळीही एकदा दिली, आता काळजी नाही.
वस्तुस्थिती : लसींचा जंतांशी संबंध नाही, आणि एका गोळीने सगळे जंत जातातच असं नाही. पायरँटेल गोल जंतांवर चालतं, पट्टकृमीवर नाही. त्याला प्राझिक्वान्टेल लागतं. शेपटीखाली तांदळासारखे दाणे दिसले, तर ते पिसवांमधून येणाऱ्या पट्टकृमीचे तुकडे असण्याचा संभव असतो. तिथे पिसवांचाही बंदोबस्त करावा लागतो. कोणतं औषध, वजनाप्रमाणे किती आणि पुन्हा कधी, हे पशुवैद्यांना विचारूनच ठरवावं.

गैरसमज : कुत्रा घालवला की प्रश्न मिटला.
वस्तुस्थिती : सोडून दिलेला कुत्रा गल्लीतच फिरतो, फक्त त्याला औषध देणारं कुणी उरत नाही. न्यूझीलंडमध्ये मेंढ्या अफाट आणि हायडॅटिडही भरपूर होता. तिथे १९५९ मध्ये कायदा झाला. कुत्र्यांना कच्ची आतडी-काळीज घालण्यावर बंदी आली, सुपारीतल्या अरेकोलिन या द्रव्याने कुत्र्यांची पोटं साफ करून तपासणी झाली, पुढे प्राझिक्वान्टेलचे नियमित डोस आले. २००२ मध्ये देश या रोगातून मुक्त झाल्याचं प्राथमिक स्वरूपात जाहीर झालं. तिथल्या मेंढपाळांचे कुत्रे मात्र मेंढ्यांमागे धावतच राहिले. कुत्रा सांभाळायचा असेल तर त्याचं पोटही सांभाळलं पाहिजे. त्यात त्याचंही भलं आहे आणि घरातल्या मुलाबाळांचंही.