अकोल्याची अलायन्स मंडळी

अकोला म्हटले की राजराजेश्वराचे मंदिर, असदगड किल्ला आणि कापसाचा बाजार. मोर्णेकाठच्या या शहराची ओळख करून देताना इथल्या ख्रिस्ती मंडळीचे नाव सहसा कोणी घेत नाही. घेतले तरी ‘इंग्रजांनी आणलेली’ एवढ्यावर विषय आटोपतो, आणि तेही खरे नाही. ही मंडळी उभारायला पुढे आले ते अमेरिकन, आणि उपासनेला बसली ती वऱ्हाडातलीच माणसे.

सुरुवात मात्र अकोल्यात झाली नाही. ती झाली एलिचपुरात, म्हणजे आजच्या अचलपुरात. अल्बर्ट नॉर्टन हे अमेरिकन मिशनरी मेळघाटातल्या कोरकूंमध्ये काम करण्यासाठी तिथे राहिले. जेनी फ्रो ही तरुणी 1870च्या दशकात याच कामासाठी भारतात आली. पुढे मार्कस फुलर यांच्याशी तिचा विवाह झाला आणि या दांपत्याने अकोल्यात बस्तान बसवले. ठिकाण सोयीचे होते. मुंबईहून निघालेली रेल्वे 1867 मध्ये नागपुरापर्यंत पोचली होती, अकोला त्याच मार्गावर होते आणि जिल्ह्याची कचेरीही इथेच होती.

न्यूयॉर्कचे पाळक ए. बी. सिम्पसन यांनी 1887 मध्ये सुरू केलेल्या चळवळीतून ‘ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स’ ही संस्था आकाराला आली. फुलर दांपत्य तिच्यात सामील झाले आणि अकोला हे तिच्या मराठी मुलखातल्या कामाचे मुख्य ठाणे बनले.

जेनीबाईंची खरी ओळख त्यांच्या लेखणीने करून दिली. बालविवाह, विधवांचे हाल, देवदासींची प्रथा यांवर ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये त्यांनी लेख लिहिले. त्यांतूनच 1900 मध्ये ‘द राँग्ज ऑफ इंडियन वुमनहूड’ हे पुस्तक आले. प्रस्तावना पंडिता रमाबाईंची. आजच्या मराठी वाचकाला त्यातला मिशनरी सूर खटकेल, आणि खटकायलाच हवा. पण त्या वेळचा महाराष्ट्र आठवा. रखमाबाईंचा खटला गाजून गेला होता. संमतिवयाचा कायदा 1891 मध्ये झाला होता, तोही बारा वर्षांच्या मर्यादेचा, आणि त्यावरून केवढे रान उठले होते! त्या वादात वऱ्हाडात राहिलेल्या एका बाईचा आवाज होता, याची अकोल्याने कधी फारशी दखल घेतली नाही.

पुस्तक निघाले त्याच वर्षी वऱ्हाड दुष्काळाने होरपळत होते. 1899-1900चा तो दुष्काळ नुसत्या आकड्यांतूनही अंगावर येतो: 1891च्या खानेसुमारीत सुमारे 29 लाख असलेली वऱ्हाडची लोकसंख्या 1901 मध्ये साडेसत्तावीस लाखांवर आली. पांढऱ्या सोन्याच्या मुलखात माणसे ज्वारीच्या दाण्याला महाग झाली. अलायन्सने अकोल्यात अनाथ मुलांची सोय केली, तर मुलींची खामगावात. शिक्षण आणि हाताला काम मिळालेल्या या मुलांमधून मंडळीची पुढची पिढी घडली.

पोटासाठी धर्म बदलला, हा आरोप तेव्हाही झाला, आजही होतो. भुकेल्या पोराला जेवू घालताना त्याच्या धर्माचा निर्णयही आपणच घ्यावा का, हा प्रश्न मिशनऱ्यांना विचारलाच पाहिजे. पण तोच प्रश्न त्या पोरांना ज्यांनी दारातून हाकलले त्यांनाही विचारावा लागेल. दोन्ही टोकांना सोपे उत्तर देणाऱ्यांवर माझा तरी विश्वास नाही.

पुढे परदेशी मिशनरी गेले, मंडळी राहिली. उपासना मराठीत चालते, नारायण वामन टिळकांची गीते गायली जातात आणि नाताळच्या फराळात करंज्या-चकल्या असतात. मराठी ख्रिस्ती माणसाला याचे नवल वाटत नाही. नवल शेजाऱ्यांना वाटते, म्हणून हा उल्लेख.

दुष्काळातल्या त्या मुलांची नावे इतिहासाच्या पुस्तकांत नाहीत. ती मिळालीच तर बाप्तिस्मा, विवाह आणि दफनाच्या जुन्या नोंदवह्यांत मिळतील, नाहीतर आजी-आजोबांच्या बोलण्यात. अकोला, खामगाव, अमरावती, अचलपूर इथल्या ज्या घरांत वा मंडळ्यांत असे कागद असतील, त्यांनी वाळवी लागण्याआधी त्यांच्या प्रती करून घ्याव्यात, आणि स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकांनी एकदा या दारांवरही थाप मारावी.