नाणे एक, रूपे दोन
वाशीच्या एपीएमसी मार्केटात पिवळ्या दिव्याखाली हिरवट हापूसही पिकल्यासारखा दिसतो; जाणकार गिऱ्हाईक तो बाहेर उजेडात नेऊन पाहते. प्रूफ नाण्याचा फोटोही असाच पारखावा लागतो. गांधी जन्मशताब्दीचे, १९६९ सालचे, मुंबई टांकसाळीत पाडलेले दहा रुपयांचे चांदीचे प्रूफ नाणे घ्या. चकचकीत ठशांमुळे त्याची सपाट जमीन आरसाच होते, आणि आरसा समोर असेल तेच दाखवतो. कॅमेऱ्याच्या बाजूला काळा कागद धरला, तर जमीन काळीभोर आणि गांधीजींचा चेहरा उजळ. पांढरा धरला, तर जमीन पांढरी आणि चेहरा काळवंडलेला. मऊ, पसरट उजेडात बारीक ओरखडे लपतात. तिरप्या उजेडात ते उघडे पडतात. तेव्हा नातवंडांसाठी असे नाणे घेताना एकाच देखण्या फोटोवर साठवलेले पैसे मोजू नयेत. दुसरा, तिरप्या उजेडातला फोटो जरूर मागावा.