शेवटच्या खोलीतली मावशी

दिवाळीच्या सुट्टीत माझी लेक एक इंग्रजी कादंबरी घेऊन आली. ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’. बी.ए.ला असताना नाव ऐकलं होतं, पण वाचायची राहिली होती. फराळाच्या गडबडीतून वेळ काढून यंदा वाचलीच.

हार्पर ली या अमेरिकन लेखिकेची ही कादंबरी १९६० साली आली आणि पुढच्याच वर्षी तिला पुलित्झर पुरस्कार मिळाला. गोष्ट १९३०च्या दशकातल्या एका लहान गावाची. स्काऊट नावाची मुलगी, तिचा भाऊ जेम आणि त्यांचा मित्र डिल. शेजारच्या घरात बू रॅडली राहतो. तो वर्षानुवर्षं बाहेर पडलेला नाही. तो कच्च्या खारी खातो, रात्री खिडक्यांतून डोकावतो, असं पोरं एकमेकांना सांगतात. त्याच्या घराला हात लावून पळून यायची पैज लावतात. आणि हाच बू झाडाच्या ढोलीत या लेकरांसाठी गुपचूप छोट्या छोट्या वस्तू ठेवत असतो. शेवटी त्यांचा जीवही तोच वाचवतो.

वाचता वाचता मला लातूरची आमची गल्ली आठवली.

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जन करून माणसं झोपली आणि पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. दगडमातीची माळवदाची घरं झोपलेल्या माणसांवर कोसळली. हजारो माणसं गेली. त्यानंतर काही महिन्यांनी आमच्या गल्लीतल्या शेवटच्या खोलीत तिकडच्याच एका खेड्यातली एक म्हातारी राहायला आली. दिवसभर दार बंद. रात्री मात्र कंदील घेऊन अंगणात येरझाऱ्या घालायची. झालं! आम्ही पोरांनी ठरवून टाकलं, ही भानामती करते. तिच्या दाराची कडी वाजवून पळायचं, हा आमचा खेळ. आम्हाला हे शिकवलं कुणी? संध्याकाळी ओट्यावर बसून मोठ्या बायका कुजबुजायच्या, “रात्रभर फिरतीय म्हणं. बरं लक्षण नाही.” तेवढं आम्हाला पुरेसं होतं.

भूकंपाच्या पुढच्या वर्षीची येळवस आली. आईने भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे डब्यात भरले आणि मला म्हणाली, “जा, शेवटच्या खोलीतल्या मावशीला देऊन ये.” मी रडायला लागले. आई म्हणाली, “मी ओट्यावर उभी राहते. जा तू.”

कडी वाजवली. या वेळी पळाले नाही, एवढंच. मावशीने दार उघडलं, डबा उघडून वास घेतला आणि तिथेच उंबऱ्यावर बसून रडायला लागली. मग म्हणाली, “आमच्या शेतात दरसाली येळवशीला पन्नास माणूस जेवायचं गं माय.” मी भीत भीत विचारलं, “तुम्ही रात्री का फिरता?” तिने वर बोट दाखवलं. “झोपलं की छत अंगावर येतंय.”

दुसऱ्या दिवशी डबा परत आला. रिकामा नव्हता. त्यात मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा होता.

मैत्रिणींनो, पोरांची भीती खेळातली असते. पण तीच मोठ्यांच्या मनात मुरली की काय होतं, ते आपण मराठवाड्यात पाहिलेलं आहे. घरावर दगड पडले, कपडे पेटले, लेकरू आजारी पडलं, की भानामतीचा संशय यायचा आणि बोट जायचं ते बहुतेकदा एखाद्या एकट्या, गरीब बाईकडे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ज्या कायद्यासाठी वर्षानुवर्षं झगडा दिला, तो ऑगस्ट २०१३ मध्ये त्यांच्या खुनानंतर आला. एखाद्याला करणी किंवा चेटूक करणारा ठरवून छळलं, तर या कायद्याने सहा महिने ते सात वर्षं तुरुंगवास आणि पाच ते पन्नास हजार रुपये दंड होऊ शकतो.

पण कायदा दारात येईपर्यंत उशीर झालेला असतो. गेल्या वर्षी नांदेडच्या एका वस्तीत बचत गटाच्या बैठकीला गेले, तर पोरं एका बंद दारावर खडे मारत होती. गटातली एकजण हळूच म्हणाली, “ताई, तिची नजर चांगली नाही म्हणतात. शेजारचं लेकरू सारखं आजारी पडतंय.” “कोण म्हणतं?” विचारलं, तर कुणालाच सांगता येईना. लेकराला आधी दवाखान्यात न्यायला लावलं. मग आम्ही चौघीजणी त्या दारात गेलो. नवरा गेल्यापासून ती बाई बाहेर पडलीच नव्हती. दोन बैठकींना आली नाही. तिसऱ्या बैठकीला आली, दाराजवळ बसली. आम्हीही आग्रह केला नाही.

तेही महत्त्वाचं. प्रत्येक एकट्या माणसाला ओढून चव्हाट्यावर आणायचं नसतं. कुणाला एकटंच राहायचं असतं, कुणाचं मन आजारी असतं. आजार वाटला तर सरकारची ‘टेलि-मानस’ ही फुकट हेल्पलाइन आहे, १४४१६.

कादंबरीच्या शेवटी स्काऊट बूला हात धरून घरी सोडते. त्याच्या ओसरीवर उभी राहून आपलीच गल्ली बघते, आणि ती तिला वेगळीच दिसते. आपल्या लेकरांनाही असं कुणाच्या तरी ओसरीपर्यंत पाठवून बघा. हातात डबा द्या, आणि आपण ओट्यावर उभ्या राहा.