भयाचे अधिष्ठान : 'द टेरर' ह्या कादंबरीविषयी

चेन्नईच्या समुद्रकिनाऱ्यावर त्रिप्लिकेन भागात 'आइस हाउस' ह्या नावाने प्रसिद्ध असलेली एक जुनी वास्तू आहे. अमेरिकेतून जहाजाने येणारा बर्फ साठविण्यासाठी ती १८४२ साली बांधण्यात आली. न्यू इंग्लंडच्या गोठलेल्या तळ्यांतून कापलेल्या लाद्या लाकडाच्या भुशात घालून मद्रासला आणल्या जात आणि श्रीमंतांच्या पेयांत विरघळत. १८९७ मध्ये स्वामी विवेकानंद तेथे राहिले आणि पुढे ती वास्तू त्यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. बर्फ कापता येतो, साठविता येतो, विकता येतो, हा त्या काळाचा आत्मविश्वास तिच्या मूळ प्रयोजनात दिसतो.

ह्याच आत्मविश्वासाने १९ मे १८४५ रोजी सर जॉन फ्रँकलिन ह्यांच्या नेतृत्वाखाली 'एरेबस' व 'टेरर' ही दोन जहाजे वायव्य जलमार्गाच्या शोधार्थ इंग्लंडहून निघाली. वाफेची यंत्रे, तीन वर्षांचे अन्न, समृद्ध ग्रंथालय, असे सारे काही त्यांच्यावर होते. सप्टेंबर १८४६ मध्ये ती किंग विल्यम बेटाजवळ बर्फात अडकली. जून १८४७ मध्ये फ्रँकलिन वारले आणि एप्रिल १८४८ मध्ये उरलेल्या १०५ जणांनी जहाजे सोडली. मोहिमेवरील १२९ जणांपैकी एकही परतला नाही.

डॅन सिमन्स ह्या अमेरिकन लेखकाची 'द टेरर' (२००७) ही कादंबरी ह्या घटनेवर उभी आहे. शेवट आधीच ठाऊक असताना भय कसे निर्माण व्हावे, हा तिच्यापुढील मूलभूत प्रश्न होय. सिमन्स ह्यांनी त्याचे एक उत्तर म्हणून बर्फावर फिरणारा एक अमानुष श्वापददेव कल्पिला आहे. परंतु कादंबरीतील खरे भय त्याच्या पंजांत नाही. ते नासलेल्या डब्यांत, हिरड्यांतून येणाऱ्या रक्तात, आणि ज्याच्याकडून हलण्याची आशा करावी त्या बर्फाच्या निश्चलतेत आहे. श्वापद झडप घालते तेव्हा वाचक दचकतो. बर्फ काहीच करीत नाही तेव्हा तो भयभीत होतो. भयानक रसाचा आलंबनविभाव येथे राक्षस नसून परिस्थिती आहे, आणि राक्षस हा केवळ तिचा उद्दीपक आहे, असे म्हणणे अधिक युक्त ठरेल.

मात्र ह्या परिस्थितीला मानवी अहंकाराचेही एक कारण आहे, आणि कादंबरीचे मर्म तेथे आहे. ज्या प्रदेशात हे खलाशी उपासमारीने मेले, तेथे इनुइट लोक पिढ्यान्‌पिढ्या जगत आले होते. १८५४ मध्ये जॉन रे ह्यांनी त्यांच्या तोंडची हकीकत इंग्लंडला कळविली : गोरे लोक भुकेने मेले आणि अखेरीस त्यांनी मृतांचे मांस खाल्ले. ही साक्ष इंग्लंडला सोसवली नाही. चार्ल्स डिकन्ससारख्या लेखकानेही ती अविश्वसनीय ठरवून सांगणाऱ्यांवरच संशय घेतला. पुढे हाडांवर सापडलेल्या सुऱ्यांच्या खुणांनी तिला दुजोरा दिला.

ह्या पार्श्वभूमीवर कादंबरीतील 'सायलेन्स' ह्या इनुइट स्त्रीचे महत्त्व लक्षात येते. तिला जीभ नाही. इतिहासाने जिचे म्हणणे ऐकले नाही त्या जमातीची ही मूर्त प्रतिमा होय, आणि कॅप्टन क्रोझिअर अखेरीस स्वतःची भाषा सोडूनच तिच्या जगात प्रवेश करतो. कल्पना प्रभावी आहे. पण तिच्यात एक उणीवही आहे. वस्तुतः ती जमात मुकी नव्हती. ती बोलत होती. ऐकणारे बहिरे होते. बहिरेपणाचा दोष मुकेपणावर लादला गेल्याने कादंबरीचा न्याय अर्धवट राहतो.

कादंबरीत 'टेरर' जहाज अखेर जळते. प्रत्यक्षात ते २०१६ मध्ये किंग विल्यम बेटाच्याच एका उपसागरात, तळाशी, विलक्षण सुस्थितीत सापडले, आणि शोधकांना त्या जागी नेणारी माहिती एका इनुइट रहिवाशाने दिली होती. 'एरेबस' दोन वर्षे आधी सापडले, तेही इनुइट मौखिक परंपरेने सुचविलेल्या परिसरात. कल्पनेने जे भस्म केले ते वास्तवाने जपून ठेवले होते. फक्त ते कोठे आहे हे सांगणाऱ्यांना विचारण्यास दीडशेहून अधिक वर्षे लागली. कादंबरी मिटल्यावर मनात रेंगाळते ते भय ह्या विलंबाचे आहे.