संत्र्यावरील हिरवी बुरशी आणि ओव्याचे तेल

विदर्भात अंबिया बहाराची संत्री बाजारात येऊ लागली की क्रेटच्या तळाशी एखादे फळ हिरव्या भुकटीने माखलेले हमखास आढळते. भुकटीभोवती पांढरे वलय असते आणि फळाला धक्का लागताच ती धुरासारखी उडते. हा धूर म्हणजे ‘पेनिसिलियम डिजिटॅटम’ या बुरशीचे असंख्य बीजाणू होत. ज्या कुळाने मानवाला पेनिसिलीन दिले, त्याच कुळातील ही बुरशी शेतकऱ्याचे वर्षभराचे कष्ट आठवडाभरात मातीमोल करते.

अखंड सालीतून मात्र तिला आत शिरता येत नाही. तिला जखम लागते. तोडणाऱ्याचे नख, काटा, क्रेटची कड, किंवा देठ ओढून काढताना फाटलेली साल एवढे तिला पुरते. यावर बुरशीनाशकाच्या द्रावणात फळे बुडवणे हा रूढ उपाय आहे. परंतु तीच ती रसायने वर्षानुवर्षे वापरल्यामुळे त्यांना न जुमानणारे बुरशीचे वाण जगभर उत्पन्न झाले, आणि सालीवर उरणाऱ्या अंशाविषयी आयात करणारे देशही कठोर झाले. म्हणून संशोधकांची दृष्टी वनस्पतींच्या सुगंधी तेलांकडे वळली.

ओव्याचा वास ज्या द्रव्याचा, ते थायमॉल. लवंगेत युजेनॉल, गवती चहात सिट्रल. ही द्रव्ये बुरशीच्या पेशीपटलात शिरून त्याची घडण बिघडवतात. पेशीतील क्षार व इतर द्रव्ये बाहेर झिरपतात आणि बीजाणूला अंकुर फुटत नाही. शिवाय ती बाष्परूपानेही परिणाम करतात, त्यामुळे बंद खोक्यात फळाला तेल न लावताही काम साधू शकते.

येथे एक मोठा गैरसमज दूर केला पाहिजे. संत्र्याच्या सालीतही सुगंधी तेल असते आणि त्यात लिमोनीन हे द्रव्य 90 टक्क्यांहून अधिक असते. तरीही फळ सडते. किंबहुना जखमेतून दरवळणारा हा गंधच या बुरशीच्या बीजाणूंना अंकुरण्यास चेतवतो! तेव्हा ‘नैसर्गिक तेल म्हणजे बुरशीचा शत्रू’ हे समीकरण भाबडे आहे. कोणते तेल, किती आणि कोणत्या बुरशीवर, हे पाहावेच लागते.

अडचणी आणखीही आहेत. काचेच्या बशीत वाढवलेली बुरशी जेवढ्या तेलाने थांबते, तेवढे प्रत्यक्ष फळावर बहुधा अपुरे पडते. मात्रा वाढवली तर साल करपून तपकिरी डाग पडतात आणि संत्र्याला ओव्याचा वास येऊ लागतो. शिवाय तेल लवकर उडून जाते. म्हणून ते फळावरील मेणाच्या किंवा कायटोसानच्या पातळ लेपात मिसळण्याचे प्रयोग झाले आहेत. खर्चही विचारात घ्यावा लागतो, कारण ओव्याच्या दाण्यांत तेल साधारणतः 2 ते 4 टक्केच असते. एवढे करूनही, आत रुजलेली कुज वरच्या तेलाने सहसा बरी होत नाही. त्यामुळे देठ कात्रीने कापणे, दवाने ओली फळे न तोडणे आणि सडलेले फळ अलगद पिशवीत घालून दूर करणे, हे तेलाच्या आधी येते.

आपल्या प्रयोगशाळेत हे पडताळून पाहता येईल. झाकणाचे 3 सारखे डबे घ्यावेत. प्रत्येकात 4 संत्री ठेवून त्यांच्या सालीला सुईने सारख्याच जखमा कराव्यात व त्यांवर हिरव्या बुरशीचा अंश लावावा. पहिल्या डब्यात कोरडा कापूस, दुसऱ्यात ओव्याच्या तेलाचे काही थेंब टाकलेला कापूस, तिसऱ्यात संत्र्याच्या ताज्या सालींचे तुकडे ठेवावेत. यांपैकी काहीही फळाला टेकू देऊ नये. आठवडाभर रोज डागांचा व्यास मोजून नोंदवावा. दम्याचा त्रास असलेल्या विद्यार्थ्यांनी या प्रयोगापासून दूर राहावे, इतरांनी नाकातोंडावर रुमाल बांधावा, आणि ही फळे शेवटी खोल पुरून टाकावीत.