खांदा आखडला? आधी शुगर तपासा

अब्बूंचा हात तकबीरला कानापर्यंत जात नाही, अम्मीला वेणी घालता येत नाही, त्या कुशीवर वळलं की रात्री ठणका लागतो. चाळिशी-साठीच्या दरम्यान ही तक्रार आपण घराघरांत ऐकतो. हा बहुधा फ्रोझन शोल्डर. खांद्याच्या सांध्याभोवतीचं आवरण सुजतं, जाड होतं, आक्रसतं. आधी दुखणं, मग आखडणं, मग हळूहळू मोकळं होणं. यात एक ते तीन वर्षं जातात. मधुमेह असणाऱ्यांना हा त्रास जास्त होतो. कधी कधी तर खांद्यामुळेच शुगर कळते.

होमिओपॅथीत उजव्या खांद्याला सँग्विनारिया, डाव्याला फेरम मेट, हालचालीने बरं वाटत असेल तर रस टॉक्स देतात. गोळ्या गोड, खर्च कमी. पण त्यांनी खांदा सुटतो याचा भक्कम पुरावा नाही. वेळ गेल्यावर आपोआप सुटलेला खांदा आपण गोळ्यांच्या नावावर जमा करतो. घ्यायच्याच असतील तर घ्या, मात्र शुगरचं औषध बंद करू नका (हे सर्रास होतं!). फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम शिकून घ्या: शेकून झाल्यावर भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा, रोज थोडा थोडा. तोवर नमाजमध्ये हात जितका उठेल तितकाच उचलावा.