मातीवरील व गादीवरील कुस्ती : लोकप्रियता आणि अर्थार्जन यांचा तुलनात्मक विचार
(नांदेड व लातूर जिल्ह्यांच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :

कुस्ती हा मराठवाड्याच्या ग्रामजीवनाशी एकरूप झालेला क्रीडाप्रकार आहे. नांदेड जिल्ह्यातील माळेगावची खंडोबा यात्रा असो की लातूरची सिद्धेश्वर यात्रा, कुस्त्यांची दंगल झाल्याशिवाय यात्रा पूर्ण झाल्याचे समाधान लोकांना लाभत नाही. तथापि आज 'कुस्ती' या एकाच नावाखाली दोन भिन्न व्यवस्था नांदत आहेत. एक लाल मातीच्या आखाड्यातील, तर दुसरी गादीवरील. पहिलीला प्रेक्षक आहेत. दुसरीला शासनमान्यता आहे. मल्लाची उपजीविका या दोहोंपैकी कशावर अवलंबून असते, हा प्रश्न क्रीडाशास्त्राइतकाच अर्थशास्त्राचा व समाजशास्त्राचाही आहे. महाविद्यालयात प्रवेश घेणाऱ्या ग्रामीण मल्लाच्या दृष्टीने तर तो भवितव्याचाच प्रश्न होय.

उद्दिष्टे :

१) मातीवरील व गादीवरील कुस्तीच्या लोकप्रियतेचे स्वरूप स्पष्ट करणे.
२) दोन्ही प्रकारांतील अर्थार्जनाच्या मार्गांची तुलना करणे.
३) जागतिक पातळीवरील मुष्टियुद्ध व मिश्र युद्धकला यांच्या अर्थव्यवहाराशी या तुलनेचा संबंध तपासणे.

खेळाचे स्वरूप आणि लोकप्रियता :

मातीवरील पारंपरिक कुस्ती ही निकाली कुस्ती होय. प्रतिस्पर्ध्याची पाठ जमिनीला लागली की निकाल लागतो. गुणांचा हिशेब नसल्यामुळे खेळाचे कोणतेही ज्ञान नसलेला प्रेक्षकही तो क्षण ओळखतो. हलगीचा कडकडाट, फेटे बांधून बसलेले जुने मल्ल, नारळावरच्या कुस्त्यांपासून शेवटच्या मोठ्या कुस्तीपर्यंत चढत जाणारा क्रम यांमुळे दंगल हा संपूर्ण गावाचा सोहळा ठरतो.

गादीवरील कुस्ती नऊ मीटर व्यासाच्या वर्तुळात, तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांत खेळली जाते. तेथे वजनगट आहेत, गुण आहेत आणि पंचांचे निर्णय आहेत. मुक्त शैलीत दहा गुणांची आघाडी मिळताच कुस्ती संपते. हा खेळ वेगवान व शास्त्रशुद्ध असला तरी गुणदान समजल्याशिवाय त्याचा आस्वाद घेता येत नाही. त्यामुळे गावचा प्रेक्षक मातीकडे, तर स्पर्धक गादीकडे अशी विभागणी झालेली दिसते.

१९६१ साली औरंगाबाद येथून सुरू झालेल्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेने या दोन प्रवाहांचा मेळ घातला. माती विभागाचा विजेता व गादी विभागाचा विजेता यांच्यात किताबाची लढत होते. जानेवारी २०२० मध्ये पुण्यातील बालेवाडी येथे झालेल्या अंतिम लढतीत माती विभागातून लातूरचा शैलेश शेळके, तर गादी विभागातून नाशिकचा हर्षवर्धन सदगीर आला. लढत गादीवर झाली आणि सदगीर विजयी ठरला. दोघेही काका पवार यांच्या पुण्यातील एकाच तालमीचे मल्ल होते आणि काका पवार हे मूळचे लातूर जिल्ह्यातील. म्हणजे मल्ल लातूरचा, वस्तादही लातूरचा; तालीम मात्र पुण्याची. ही वस्तुस्थिती पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

अर्थार्जनाचे मार्ग :

दंगलीतील मल्लाचे उत्पन्न रोख इनामाच्या रूपाने येते. यात्रा समिती वर्गणी जमा करते, जोड लावली जाते, इनामाची रक्कम आधी जाहीर होते. प्रत्येक गाव हे स्वतंत्र संयोजक असल्यामुळे नामवंत मल्लाला बोलावण्यासाठी चढाओढ होते व त्याचा मोबदला वाढतो. परंतु या उत्पन्नाला तीन मर्यादा आहेत. ते हंगामी आहे. ते मूठभर नामवंतांपुरतेच मोठे आहे. आणि ते शेतीच्या उत्पन्नावर अवलंबून आहे. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा दुष्काळी वर्षात गावची वर्गणी आटणे स्वाभाविक होय. मार्च २०२० नंतर कोरोना निर्बंधांमुळे यात्रा बंद राहिल्या, तेव्हा इनाम थांबले. दूध, तूप, बदाम यांचा खुराक मात्र थांबविता येत नव्हता.

गादीवरील कुस्तीत प्रत्यक्ष लढतीचे मोल अल्प, परंतु प्रमाणपत्राचे मोल मोठे असते. महाराष्ट्र शासनाच्या सेवेत गुणवंत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. बीड जिल्ह्यातील राहुल आवारे यांनी २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटात सुवर्णपदक मिळविले व पुढे ते पोलीस उपअधीक्षक झाले. दंगलीतील इनाम एका हंगामाचा खुराक भागविते, तर पदकामुळे मिळणारी नोकरी निवृत्तीपर्यंत कुटुंब पोसते.

गादीचा मार्ग निर्धोक आहे, असे मात्र नव्हे. ऑगस्ट २०२३ मध्ये जागतिक कुस्ती संघटनेने भारतीय कुस्ती महासंघाला निलंबित केले. ते निलंबन फेब्रुवारी २०२४ मध्ये उठले. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने निलंबित केलेल्या महासंघाला मार्च २०२५ मध्ये पुन्हा मान्यता मिळाली. एकाच संघटनेच्या शिडीवर सर्व भिस्त असली की शिडी हलताच सर्वच मल्ल अडचणीत येतात.

जागतिक संदर्भ :

मुष्टियुद्ध व मिश्र युद्धकला यांच्या तुलनेतून हीच गोष्ट वेगळ्या रीतीने स्पष्ट होते. मिश्र युद्धकलेतील अग्रगण्य यूएफसी ही कंपनी १९९३ साली सुरू झाली, २००१ मध्ये सुमारे वीस लाख डॉलरना विकली गेली आणि २०१६ मध्ये तिची किंमत सुमारे चार अब्ज डॉलर झाली. लोकप्रियतेची ही वाढ विलक्षण होय. परंतु तिच्या सर्वांत लोकप्रिय खेळाडूला, कॉनर मॅकग्रेगर याला, ऑगस्ट २०१६ च्या लढतीसाठी तीस लाख डॉलरचे मानधन जाहीर झाले होते. एका वर्षाने फ्लॉइड मेवेदरविरुद्ध मुष्टियुद्धात उतरताच ते तीन कोटी डॉलर झाले. मेवेदरचे जाहीर मानधन दहा कोटी डॉलर होते.

या तफावतीचे कारण प्रामुख्याने रचनेत आहे. मुष्टियुद्धात संयोजक अनेक, किताब देणाऱ्या संस्था वेगळ्या. शिवाय अमेरिकेतील २००० सालच्या मुहम्मद अली कायद्याने संयोजकाला आपले उत्पन्न मुष्टियोद्ध्यापुढे उघड करावे लागते. मिश्र युद्धकलेला तो कायदा लागू नाही. तेथे करार, किताब व प्रक्षेपण एकाच कंपनीच्या हाती असतात. या मक्तेदारीविरुद्ध खेळाडूंनी २०१४ मध्ये दाखल केलेल्या दाव्यात ३७.५ कोटी डॉलरची तडजोड झाली व तिला २०२५ मध्ये न्यायालयाची अंतिम मान्यता मिळाली.

सारांश, लोकप्रियता व मोबदला यांचा संबंध सरळ नसतो. मोबदला ठरतो तो खेळाडूच्या सौदाशक्तीवर. अनेक संयोजकांमुळे दंगल ही मुष्टियुद्धाशी, तर एककेंद्री रचनेमुळे गादी ही मिश्र युद्धकलेशी साधर्म्य दाखविते. फरक एवढाच की गादीमागे कंपनी नसून शासन आहे. नांदेडला लागून असलेल्या निजामाबादची मुष्टियोद्धा निखत झरीन २०२२ मध्ये विश्वविजेती झाली, तेव्हा तेलंगणा शासनाने तिला दोन कोटी रुपये जाहीर केले व २०२४ मध्ये पोलीस उपअधीक्षकपद दिले. भारतात युद्धक्रीडेचा खरा आश्रयदाता अद्याप शासनच आहे.

मराठवाड्यापुढील प्रश्न :

लातूर जिल्ह्यातील रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ मध्ये महाराष्ट्र केसरी झाले आणि १९७० च्या एडिंबरो राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक जिंकले. माती व गादी दोन्ही गाजविणाऱ्या या मल्लाने पुढे पुण्यात शिष्य घडविले. राहुल आवारे हे त्यांपैकी एक. मराठवाड्यात गुणवत्तेची वाण नाही. वाण आहे ती गावातच गादी, प्रशिक्षक व आहार मिळण्याची. पुण्यास जाण्याचा खर्च ज्याला झेपत नाही, तो मल्ल दंगलींतच अडकतो आणि पस्तिशीत इनामही नाही, प्रमाणपत्रही नाही, अशा अवस्थेला पोहोचतो.

निष्कर्ष :

१) लोकप्रियतेत माती, तर शाश्वत अर्थार्जनात गादी सरस आहे.
२) दंगलीतील इनाम हे पूरक उत्पन्न मानावे, त्यासाठी शिक्षण सोडणे हिताचे नाही.
३) स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या परिक्षेत्रातील महाविद्यालयांनी मल्ल विद्यार्थ्यांसाठी गादी, अपघात विमा व स्पर्धाकाळातील उपस्थितीची सवलत यांचा विचार करावा.

खाशाबा जाधवांना १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जाता यावे म्हणून कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले होते. त्यातून स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळाले. आज प्राध्यापकाने घर गहाण ठेवावे, अशी अपेक्षा नाही. परंतु वर्गात मागच्या बाकावर बसणारा मल्ल पुढील महिन्यात दंगलीला जाणार की निवड चाचणीला, याची विचारपूस त्याने करावी, एवढी अपेक्षा निश्चितच रास्त आहे.